देवासचा दुसरा तंबूरा

माझं माहेर सांगलीकडचं, सासर धारचं. कॉलेजात असताना कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं कॅसेटवर ऐकली, तेव्हापासून देवास म्हणजे माताजीची टेकडी आणि कुमारजींचं 'भानुकुल' हे घर, एवढंच डोक्यात पक्कं बसलं. १९४८ साली क्षयाने आजारी असलेले कुमारजी हवापालटासाठी इथे आले आणि १९९२ साली जाईपर्यंत इथलेच होऊन राहिले. पाहुणे आले की आम्ही त्यांना धारमध्ये शिल्पकार फडक्यांचा स्टुडिओ दाखवतो, देवासला भानुकुल. माळव्यातल्या आम्हा मराठी माणसांची कलेची यात्रा बहुधा तिथेच संपते. माझीही तीस वर्षं तिथेच संपत होती.

पण कुमारजींनी निर्गुण ऐकलं कुठे? आजारपणात, दारावरून गात जाणाऱ्या भजन्यांकडून. ते गाणारे कुठे गेले, हे आपण कधी विचारलंच नाही. ते कुठे गेलेच नव्हते.

यंदा थंडीत माझ्या वन्सं म्हणाल्या, "चल, आज रात्री गावात कबीर आहे." देवासपासून थोड्या अंतरावरचं खेडं. तिकीट नाही, फलक नाही, आमंत्रणपत्रिका नाही. कुणाच्या तरी घरापुढचं अंगण, खाली ताडपत्री, वर एक बल्ब. दिवसभर शेतात किंवा मजुरीवर राबलेली माणसं नऊनंतर जमली. गाणाऱ्याच्या एका हातात तंबूरा, दुसऱ्यात करताल. शेजारी ढोलक, मंजिरा, पेटी.

आपल्या मैफिलीत तानपुरा मागे बसतो आणि सूर धरून ठेवतो. इथला तंबूरा गाणाऱ्याच्याच हातात असतो, आणि तो सुराबरोबर ठेकाही देतो. कुमारजी एक शब्द पोकळीत फेकतात आणि आपण एकेकटे होऊन ऐकतो. इथे ओळ उचलली की सगळं अंगण ती झेलतं. कुमारजींचं गाणं मोठं आहेच. पण हे त्याचं कच्चं रूप आहे असं समजून मी गेले होते, ती माझी चूक. हे वेगळं गाणं आहे आणि त्याचं काम वेगळं आहे.

ते काम मध्यरात्री कळलं. गाणारा मध्येच थांबला, तंबूरा मांडीवर ठेवला आणि माळवीत अर्थ सांगू लागला. मागून एक म्हातारा म्हणाला, हे मला पटत नाही. मग वाद! देवासला 'एकलव्य' संस्थेने १९९१ पासून काही वर्षं दर महिन्याच्या दोन तारखेला गावोगावच्या मंडळ्या बोलावून भजन आणि विचार असा मंच चालवला होता. जात, गुरुबाजी, अंधश्रद्धा यांवर तिथे गाणारेच बोलत. मंच थांबला, पण सवय उरली असावी. याच भागातल्या प्रह्लादसिंह टिपानियांना २०११ साली आणि कालूराम बामनियांना २०२४ साली पद्मश्री मिळाली.

दोषही सांगते. माइकचा घुमारा इतका की शब्द फुटत होते. एका तरुणाने चाल सिनेमाच्या अंगाने वळवली, टाळ्या मिळाल्या आणि अर्थ निसटला. आणि सगळ्यांना एक मानणाऱ्या या भजनाला बायका मात्र सगळ्यात मागे, डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. चहाची भांडी त्यांच्याच वाट्याला.

तो चहा माझ्यापुढे आला. मी सूर्यास्तापूर्वी जेवून निघाले होते. रात्री पाणीही घेत नाही. मी हात जोडून नको म्हटलं आणि त्या बाईंचा चेहरा उतरला. मंडळीतले बहुतेक दलित समाजातले. आमच्या आधीच्या पिढ्या त्यांच्या घरचं पाणी घेत नसत, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. माझं व्रत आणि तो जुना विटाळ बाहेरून अगदी सारखेच दिसतात, हे मला पन्नाशीनंतर त्या अंगणात कळलं. मी नियम समजावून सांगितला. त्यांनी मान डोलावली, पण तेवढ्याने कुणाची खात्री पटत नसते. म्हणून आम्ही निघालोच नाही. उजाडेपर्यंत बसलो. सूर्य वर आल्यावर मीच चुलीपाशी गेले आणि म्हटलं, "ताई, आता द्या." त्या हसल्या, आणि माझ्याबरोबर स्वतःही कप घेऊन बसल्या.

मैत्रिणींनो, परत येताना मला आपली भक्तिसंध्या आठवत होती. आपल्याकडे बनारसीदास आहेत, आनंदघन आहेत. बाहेरच्या देखाव्यापेक्षा आत पाहायला सांगणारे. त्यांची पदं आपण सिनेमाच्या चालीवर म्हणतो, बोली लावून आरती घेतो आणि प्रसादाची पाकिटं घेऊन घरी येतो. अर्थ विचारायला कोण थांबतं? त्या अंगणात लाखाचा मंडप नव्हता, पण "पटत नाही" म्हणायची मोकळीक होती.

आमच्या महिला मंडळात मी एक सुचवलं आहे. दर महिन्याला एकच पद, साध्या चालीत, पेटी नसली तरी चालेल. गाऊन झालं की प्रत्येकीने अर्थ सांगायचा. दोघी-तिघींनी नाक मुरडलं. एकीने विचारलं, "आणि नाही पटलं तर?"

म्हटलं, तेच तर हवंय.