‘आपका बंटी’ : घटस्फोट, पुनर्विवाह आणि मुलाचे स्थान

विवाह, घटस्फोट व पुनर्विवाह यांचा विचार बहुधा पती-पत्नीच्या बाजूने केला जातो. मन्नू भंडारी (१९३१–२०२१) यांची ‘आपका बंटी’ (१९७१) ही हिंदी कादंबरी मात्र हा प्रश्न प्रामुख्याने बंटी या लहान मुलाच्या नजरेतून मांडते. महाविद्यालयाची प्राचार्या शकुन आणि कलकत्त्यात राहणारा अजय विभक्त होतात. पुढे अजय मीरासोबत, तर शकुन डॉ. जोशींसोबत नवा संसार मांडते. दोन घरे नव्याने उभी राहतात. बंटीला मात्र हक्काचे एकही घर उरत नाही.

शकुनच्या पुनर्विवाहाची किंमत मुलाला मोजावी लागली, असे या कादंबरीचे सरधोपट वाचन होऊ शकते. ते संहितेला धरून नाही. शकुनचा एकाकीपणा व सहजीवनाची तिची गरज लेखिकेने तितक्याच सहानुभूतीने रेखाटली आहे. बंटीला उद्ध्वस्त करते ते पुनर्विवाहापेक्षा त्याला सतत गृहीत धरले जाणे. जुन्या घरातील त्याची बाग सुटते, जिव्हाळ्याची फूफी दुरावते आणि डॉ. जोशींच्या घरी जोत व अमित यांच्या आधीच घडलेल्या जगात त्याने मुकाट्याने सामावून जावे, अशी अपेक्षा केली जाते. कलकत्त्यातही तो रुजत नाही. अखेर वसतिगृह हाच उपाय ठरतो.

शीर्षकातील ‘आपका’ हा शब्द म्हणूनच अर्थपूर्ण आहे. त्यात आपुलकी आहे, तशी मालकीही आहे. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ नुसार समज आलेल्या पाल्याची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते. परंतु मोठ्यांनी परस्पर केलेल्या तडजोडीत ही पसंती विचारण्याचा प्रसंगच येत नाही, हे वास्तव कादंबरी उघड करते.

तथापि एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. शकुनच्या मनातील द्वंद्व सविस्तर येते. अजय मात्र बहुतांशी दुरूनच दिसतो. परिणामी पित्याच्या उत्तरदायित्वाची चिकित्सा अपुरी राहते आणि मातेला दोषी ठरविणाऱ्या वाचनाला नकळत वाव मिळतो.

सारांश, दुःखी विवाह मुलासाठी टिकवावा, असे ही कादंबरी सुचवीत नाही. पती-पत्नीचे नाते कायद्याने संपते, पालकत्व संपत नाही. नव्या संसाराच्या मांडणीत मुलाचे म्हणणे प्रथम ऐकले जावे, हीच तिची मागणी आहे.