चिखल, चित्रपट आणि ऐकणे

लातूरच्या एका संगीत महोत्सवाला मी नांदेडहून गेलो होतो. सहाचा कार्यक्रम नऊला सुरू झाला. सत्कार लांबले, त्यामुळे गायिकेला विलंबित ख्याल अर्ध्यावर आवरावा लागला. पुढे निघालेल्या स्मरणिकेत मात्र रसिक ‘मंत्रमुग्ध’! छायाचित्रात टाळ्या वाजवणारा मीही होतो.

तेव्हापासून वुडस्टॉकचा चित्रपट मी वेगळ्या नजरेने पाहतो. ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल येथील शेतात सुमारे ४ लाख माणसे जमली. कुंपण अपुरे, अन्नपाणी अपुरे, त्यात पाऊस. मायकेल वॉडली यांच्या १९७० च्या चित्रपटाने हे लपवले नाही. चिखलाचाच उत्सव केला. त्याला ऑस्करही मिळाले. पण पहिल्या रात्री पावसात सतार वाजवणारे रविशंकर त्यात नाहीत. चिखलातली ती गर्दी पाहून आपल्याला म्हशी आठवल्या, असे त्यांनी नंतर सांगितले होते.

चित्रपट खोटा नाही, पण त्यात श्रोत्यांची मौज आहे, या कलावंताची खंत नाही. स्मरणिकेने गोंधळ पुसला, चित्रपटाने तो सजवला; दोन्हींत निसटले ते ऐकणे. म्हणून माझी साक्षही नोंदवतो : छायाचित्रातल्या त्या टाळ्या गाण्यासाठी नव्हत्या, सत्कार संपल्याच्या होत्या.