‘नेकटाय घालू नका’ : लेथच्या एका माहितीपुस्तिकेची झडती

यंत्रासोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकेचे परीक्षण कोणी लिहीत नाही. कथासंग्रहाचे लिहितात, पाठ्यपुस्तकाचेही अधूनमधून लिहितात. पुस्तिका मात्र खोक्यातून निघते आणि खोक्याबरोबरच माळ्यावर जाते. पण गेल्या काही दिवसांत अशी एक पुस्तिका दोनदा अथपासून इतिपर्यंत वाचावी लागली, आणि तिच्याविषयी शिक्षकवाचकांशी बोलले पाहिजे असे वाटले.

त्याचे असे झाले. सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारे माझे एक मित्र टेबलावर ठेवायचा छोटा लेथ शाळेसाठी घ्यावा या विचारात आहेत. तो पाहायला आम्ही दोघे अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. हा भाग यंत्रमागांचा. टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या मागांचा खडखडाट रस्त्यापर्यंत ऐकू येतो. या मागांचे झिजलेले बुश, वाकलेले शाफ्ट, टॅपेट दुरुस्त करणारी लेथची वर्कशॉपे त्यांच्याच आधाराने उभी असतात. या वर्कशॉपात दोन मोठे जुने लेथ होते आणि कोपऱ्यातल्या टेबलावर नवा, हातभर लांबीचा, छोटा. मालकांनी तो बारीकसारीक कामासाठी घेतला होता. मित्राने पुस्तिका माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “सर, तुम्ही वाचून सांगा. आठवी-नववीची मुले यावर काम करणार आहेत.”

प्रथम तिचे गुण सांगतो. सुट्या भागांचे चित्र उत्तम आहे. प्रत्येक स्क्रूला क्रमांक आहे. विजेच्या जोडणीचा आराखडा स्पष्ट आहे. कोणत्या आट्यांसाठी कोणते गिअर लावायचे त्याचा तक्ता बिनचूक निघाला, मी काही ओळी आकडेमोड करून ताडून पाहिल्या. यंत्राची मापेही प्रामाणिक आहेत : १८० मिलिमीटर व्यासापर्यंतचा जॉब, दोन केंद्रांमध्ये सुमारे ३०० मिलिमीटर अंतर, ३५० वॅटची मोटर, मिनिटाला ५० ते २,५०० फेरे, वजन ४० किलोच्या आसपास. ज्याला लेथ येतो त्याला या पुस्तिकेचा उपयोग आहे.

ज्याला येत नाही त्याचे काय? त्याच्यासाठी आरंभी सुरक्षिततेच्या सूचनांची लांबलचक यादी आहे. कामाची जागा स्वच्छ ठेवा. मुलांना दूर ठेवा. (शाळेने काय करायचे?) ओल्या जागी यंत्र वापरू नका. नेकटाय, अंगठ्या, ब्रेसलेट घालू नका. चकची चावी काढून घ्या. थकलेले असताना काम करू नका. साऱ्या सूचना एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाच आवाजात. ज्या चुकीने जागा घाण होते आणि ज्या चुकीने डोळा जातो, त्या दोन्ही शेजारीशेजारी बसल्या आहेत. कारण एकीचेही दिलेले नाही. अशी यादी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे यंत्रावर उभा राहणारा मुलगा नसतो, वकील असतो, असा माझा संशय आहे.

नेकटायचेच पाहा. अक्कलकोट रोडवर नेकटाय घालून लेथवर उभा राहिलेला माणूस मी तरी पाहिला नाही. आमच्याकडे काय असते? मुलींची ओढणी आणि वेणी. मुलांच्या मनगटातला गंडा किंवा लाल दोरा, गळ्यातला ताईत. शाळेच्या ओळखपत्राची फीत. बाईंच्या साडीचा पदर, मंगळसूत्र. सरांच्या पूर्ण बाहीच्या सदऱ्याचे सुटलेले बटण. यांतले एकही नाव पुस्तिकेत नाही. नेकटायची सूचना वाचून आपला विद्यार्थी मनात म्हणणार, हे माझ्यासाठी नव्हे, आणि दोरा मनगटात तसाच ठेवून चक फिरवणार.

आणि सोलापुरात आणखी एक गोष्ट असते : सूत. मागांवरून निघणारा सुताचा वेस्ट इथे वर्कशॉपांत हात आणि यंत्र पुसायला वापरतात. तो सहज मिळतो, तेल छान टिपतो. पण त्याचे लांब धागे फिरत्या जॉबला लागले की चातीवर सूत गुंडाळावे तसे गुंडाळले जातात, आणि त्यांच्यामागे वेस्ट धरलेली बोटे जातात. फिरता जॉब वेस्टने पुसायचा नाही, ही सूचना या गावात पहिल्या तीनांत हवी. पुस्तिका परगावची असल्याने तिला हे माहीत नसणार हे मान्य. पण विकणाऱ्याने एक मराठी कागद सोबत द्यायला काय हरकत होती?

“काळजी घ्या, लक्ष ठेवा” असे पुस्तिकेत पुनःपुन्हा येते. लक्ष ठेवून किती भागते ते मोजता येते. चक मिनिटाला १,००० फेरे घेत आहे असे धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे १७. काही अडकले हे कळून हात हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात चकचे चार फेरे होऊन जातात. चकचा व्यास ८० मिलिमीटर असेल तर त्याचा परीघ सुमारे २५१ मिलिमीटर, म्हणजे चार फेऱ्यांत एक मीटर कापड आत ओढले जाते. बाही खांद्यापासून मनगटापर्यंत एवढी लांब नसते. बंद करण्याचे लाल बटण अवश्य हवे, पण ते दाबायला मोकळा हात उरेल असे गृहीत धरू नये.

“एवढासा तर लेथ, ३५० वॅटचा!” असे मित्र म्हणाले. मिक्सरची मोटरही याहून मोठी असू शकते, हे खरे. पण शक्ती भागिले कोनीय वेग म्हणजे टॉर्क, हे आपण अकरावीला शिकवतो. १,००० फेऱ्यांना कोनीय वेग सेकंदाला सुमारे १०५ रेडियन. ३५० ला १०५ ने भागले की टॉर्क ३.३ न्यूटन-मीटर येतो. आकडा किरकोळ दिसतो. आता चकमध्ये १२ मिलिमीटर व्यासाचा गज धरला आहे आणि ओढणीचे टोक त्या गजाला गुंडाळले आहे असे समजा. त्रिज्या ६ मिलिमीटर. ३.३ ला ०.००६ ने भागा : ५५० न्यूटन. घर्षणात काही गेले असे म्हटले तरी पन्नास किलोचे वजन गळ्याला टांगल्यासारखे झाले. यंत्र टेबलावर मावते म्हणून धोका टेबलाएवढा होत नाही. हे गणित दहावी-अकरावीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवावे. यादीतल्या दहा सूचनांपेक्षा त्याने अधिक काम होईल.

हातमोज्यांबद्दल तर पुस्तिका गप्प आहे, आणि वर्कशॉपच्या भिंतीवरचा छापील तक्ता उलटेच सांगत होता : हेल्मेट, बूट, चष्मा, हातमोजे वापरा. हा तक्ता सर्व कारखान्यांसाठी एकच छापलेला. पत्रे उचलताना हातमोजे हवेत, वेल्डिंगला हवेत. फिरत्या लेथवर मात्र हातमोजा घालायचा नाही, कारण बोटाचे कातडे कदाचित सुटून येते, मोजा अख्खा हात घेऊन आत जातो. चष्मा मात्र हवाच. सुदैवाने तिथले वयस्क टर्नर तो तक्ता वाचत नव्हते. त्यांच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या होत्या, हात उघडे होते. लांब, पिळदार निघणारा लोखंडी कीस ते यंत्र थांबवून तारेच्या आकड्याने ओढत होते. त्याच्या कडा पात्यासारख्या असतात.

त्यांची आणखी एक सवय मी बराच वेळ पाहिली. चक घट्ट करताना चावीवरचा हात ते चावी खुंटीवर लागेपर्यंत सोडतच नाहीत. मध्येच कोणी हाक मारली तरी चावी हातातच. पुस्तिकेचे वाक्य आहे, ‘सुरू करण्यापूर्वी चावी काढा’. ते स्मरणशक्तीवर विसंबते. टर्नरची सवय स्मरणशक्तीला कामच ठेवत नाही. पीएच.डी. करीत असताना मी स्वतः एकदा चावी चकमध्येच ठेवून बटण दाबले होते. चावी माझ्या कानाजवळून गेली आणि मागच्या कपाटाची काच फुटली. ते वाक्य तेव्हा मला पाठ होते.

यंत्र बसवण्याविषयी पुस्तिकेत जेमतेम अर्धे पान आहे, आणि त्याचा मुख्य उपदेश असा की यंत्र समतल बसवा. हे अर्धसत्य आहे. जहाजांवरही लेथ असतात आणि समुद्र काही समतल नसतो. खरा प्रश्न बैठकीला पीळ पडण्याचा आहे. टेबल वाकडे असेल आणि त्यावर लेथचे चारही बोल्ट करकचून आवळले, तर टेबल सरळ होत नाही, लेथची बैठक टेबलाप्रमाणे पिळते. मग जॉब एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघतो आणि विद्यार्थी स्वतःला दोष देत बसतो. पातळी पाहायची ती एवढ्याचसाठी, की दोन्ही टोकांना बुडबुडा सारखाच दिसावा.

शाळेत करता येईल अशी परीक्षा सोपी आहे. अॅल्युमिनियमचा २५ मिलिमीटर व्यासाचा गज चकमध्ये धरा, दुसऱ्या टोकाला आधार देऊ नका. त्यावर एकमेकांपासून १०० मिलिमीटर अंतरावर दोन पट्टे ठेवून मधला भाग उतरवून घ्या. मग हत्याराची खोली न बदलता दोन्ही पट्ट्यांवरून अगदी हलका काप घ्या आणि मायक्रोमीटरने दोन्ही व्यास मोजा. फरक ०.०४ मिलिमीटर आला, तर हत्याराची वाट १०० मिलिमीटरमध्ये ०.०२ ने तिरकी आहे. एका पायाखाली पातळ पत्र्याचा तुकडा सारून पुन्हा काप घ्या. फरक अजिबात हलला नाही तर दोष बैठकीच्या पिळात नसून चकच्या बाजूच्या जुळणीत असण्याची शक्यता आहे. प्रयोग, निरीक्षण, दुरुस्ती, पुन्हा प्रयोग : यासाठीच तर शाळेत यंत्र हवे! पुस्तिकेने हा आनंद ‘समतल बसवा’ या दोन शब्दांत संपवला.

हत्याराची उंचीही अशीच. टोक जॉबच्या मध्याच्या पातळीत हवे, एवढे पुस्तिका सांगते. ते आहे की नाही हे कसे ओळखायचे ते सांगत नाही. यंत्र बंद असताना पोलादी पट्टी हत्याराचे टोक आणि गोल जॉब यांच्यामध्ये हलकेच धरा. पट्टी उभी राहिली तर उंची बरोबर. तिचे वरचे टोक आपल्याकडे झुकले तर हत्यार खाली आहे, पलीकडे झुकले तर वर. गोलाच्या स्पर्शिकेचे इतके सुंदर उदाहरण भूमितीच्या पुस्तकात मला सापडले नाही.

या यंत्रातली आपल्या दृष्टीने फार मोलाची सोय पुस्तिकेने एका ओळीत उरकली आहे : ‘हिरवे बटण – चालू’. हे साधे बटण नव्हे. वीज गेली की ते आपोआप सुटते आणि वीज परतली तरी पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र फिरत नाही. वीज जाऊन येणाऱ्या गावात याचे महत्त्व सांगायला नको. बंद पडलेल्या चकमध्ये मुलगा हात घालून बसला असताना वीज आली तर काय होईल याचा विचार करा. जुना लेथ स्वस्तात मिळाला तर पहिल्यांदा हे बटण आहे का ते पाहावे, आणि अर्थिंग. चकच्या मागून बाहेर आलेल्या लांब, बारीक गजाविषयीही एक अक्षर नाही. वेग वाढला की तो गज वाकतो आणि चाबकासारखा फिरतो.

हे सारे अडाणी कामगारांच्या बाबतीत घडते, शिकलेल्यांना काय होणार, असे मानणारे लोक आमच्या संशोधन संस्थांतही आहेत. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील यंत्रशाळेत रात्री उशिरा एकटीच काम करणारी एक विद्यार्थिनी केस लेथमध्ये अडकून मरण पावली. ती भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र शिकणारी, पदवीच्या शेवटच्या वर्षाची हुशार मुलगी होती. यंत्राला आवश्यक ती संरक्षक आवरणे नव्हती असे तिथल्या सरकारी तपासणी यंत्रणेने म्हटले. विद्यापीठाने ते मान्य केले नाही. वाद राहू द्या. ती एकटी होती, यावर वाद नाही. माझ्या हातातल्या पुस्तिकेत ‘एकट्याने काम करू नका’ ही सूचना शोधूनही सापडली नाही.

म्हणून शाळांनी लेथ घेऊच नये, असे म्हणायचे नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि हातांनी काम करीत शिकण्याचा अभ्यासक्रम खेड्यांतल्या शाळांपर्यंत नेला. मुलांच्या हाती खरी हत्यारे देता येतात हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. प्रश्न सोबतच्या कागदाचा आहे. तो सोलापुरात तरी मराठी, तेलुगू आणि कन्नड जाणणाऱ्या मुलांना वाचता यावा, आणि त्यात प्रत्येक ‘नको’ला एक ‘कारण’ असावे.

मित्राने यंत्राची मागणी नोंदवली आहे. पुस्तिकेतली सुट्या भागांची चित्रे आणि गिअरचा तक्ता तेवढा कापून भिंतीवर लावायचा, बाकीची पाने बाजूला ठेवायची, असे ठरले. दर शनिवारी शाळेत येऊन मुलांसमोर काम करून दाखवायला त्या वर्कशॉपमधले टर्नर तयार झाले आहेत. त्यांनी एकच अट घातली : पहिले दोन शनिवार यंत्राची वायर लावायची नाही, चक हाताने फिरवायचा.