न वाढणारा फेणे आणि वाढलेला वाचक

कै. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या ‘फास्टर फेणे’ या मालेंतील वीसही पुस्तकें मीं नुकतीच वाचून पुरीं केलीं. बाळपणीं त्यांपैकीं सात-आठच हातीं आलीं होतीं. उरलेलीं पन्नाशी उलटल्यावर वाचावीं कीं नाहीं, याविषयीं मन साशंक होतें. लहानपणीं ज्यावर जीव जडला तें पुस्तक प्रौढपणीं फोल ठरलें, तर आजचा आनंद जातोच. पण कालचाही हिरावला जातो.

प्रथम दोष सांगतों. योगायोग फार आहेत. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा जाईल तेथें संकट त्याची वाटच पाहत असतें. खलपुरुष बहुधा आपल्या दुष्टपणाची पाटी गळ्यांत अडकवून येतात. लागोपाठ तीन पुस्तकें वाचलीं कीं रचनेचा साचा उघडा पडतो. मात्र हा शेवटचा दोष कांहींसा माझ्या अधाशी वाचनाचा आहे. आम्हां मुलांना वाचनालयांतून एक पुस्तक मिळाल्यावर दुसरें मिळेपर्यंत पुष्कळ दिवस जात, आणि तेवढ्या अवधींत साचा विसरून केवळ फेणे लक्षांत राही.

असें असूनही पुस्तक खालीं ठेववत नाहीं. ज्यूल व्हर्नला मराठींत आणणाऱ्या भागवतांना फेणेसाठीं चंद्रावर किंवा पाताळांत जाण्याची गरज भासली नाहीं. पुण्यांतील एक शाळा, एक सायकल आणि जिभेवर सदा तयार असलेलें ‘ट्टॉक्’, एवढ्या भांडवलावर त्यांनीं साहस उभें केलें. आज आमच्या कर्वेनगरांतील रस्त्यावर मुलाला एकट्यानें सायकल घेऊन धाडतांना आईबापांचा जीव खालींवर होतो. म्हणून त्या मोकळिकीचें मोल आतां अधिक जाणवतें. शिवाय, लहानपणीं मला फेणेचा वेगच दिसला होता. तो बक्षिसासाठीं धांवत नाहीं, कोणी तरी अडचणींत आहे म्हणून धांवतो, हें मात्र या खेपेस प्रथम उमगलें.

मालेचा शेवट हा मोठा कठीण प्रश्न असतो. कॉनन डॉयलनें १८९३ सालीं होम्सला मारलें, आणि पुढें त्यास परत आणावें लागलें. रोलिंगबाईंनीं २००७ सालीं आपल्या नायकाला संसारी बाप करून निरोप दिला. भागवतांनीं यांपैकीं कांहींच केलें नाहीं. २०१७ च्या चित्रपटानें फेणेला तरुण केलें खरें. पुस्तकांत तो शाळकरीच राहिला. विसावें पुस्तक मिटतांना मला हुरहूर लागली, ती त्याच्यासाठीं नव्हे. तो होता तेथेंच होता. त्याच्या बरोबरीनें पायडल मारणारा मीच मध्यें कोठें तरी उतरून गेलों होतों.

माझी शंका मात्र फिटली. ज्या घरांत दहा-बारा वर्षांचें मूल आहे, तेथें ही माला अवश्य आणावी. मात्र एकदम वीस पुस्तकें देऊं नयेत. एक द्यावें, आणि दुसरें मागेपर्यंत थांबावें. तोंवर पहिलें आपण वाचावें.