जाहिरातीतून गळलेले आकडे

वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत, आणि आता मोबाइलच्या पडद्यावरही, पुरुषांसाठीच्या एका 'यंत्रा'ची जाहिरात वरचेवर दिसते. पारदर्शक नळी, तिला जोडलेला हातपंप आणि शेजारी तीन आश्वासने: ताठरता येईल, आकार कायमचा वाढेल, अपाय मुळीच नाही. हा विषय वर्गात सहसा निघत नाही. त्यामुळे जाहिरात हेच अनेक मुलांचे पाठ्यपुस्तक होऊन बसते. हे पाठ्यपुस्तक आपण तपासायला हवे, असे आम्हाला वाटते.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. हे उपकरण म्हणजे निव्वळ थोतांड नव्हे. अमेरिकेत ऑटो लेडरर यांना १९१७ साली अशा उपकरणाचे पेटंट मिळाले होते. पुढे टायरच्या व्यवसायातील गेडिंग्ज ऑस्बन यांनी ते स्वतःसाठी विकसित केले आणि १९८२ साली त्याला तेथील अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. मधुमेहामुळे किंवा प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर ताठरता येत नसेल, तर मूत्रविकारतज्ज्ञ आजही ते सुचवतात. म्हणजे पहिल्या आश्वासनात तथ्य आहे.

परंतु 'यंत्र रक्त ओढून घेते' हे जाहिरातीतील स्पष्टीकरण सदोष आहे. पोकळी काहीही ओढत नाही. तुंबडीचे उदाहरण विद्यार्थ्यांना पटेल. तुंबडीतील हवा विरळ झाली, की आतला दाब घटतो. उरलेल्या शरीरावर मात्र वातावरणाचा दाब कायम असतो. त्या फरकाने रक्त कमी दाबाकडे ढकलले जाते आणि त्वचा फुगते. नळीत हेच घडते. नंतर शिश्नाच्या मुळाशी रबरी कडे बसवून रक्त अडवून ठेवतात. म्हणजे येथे प्रश्न दोन उरतात: दाब किती, आणि वेळ किती? जाहिरातीतून नेमके हेच आकडे गळलेले असतात.

वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका असतो. त्यापेक्षा साधारण १०० ते २२५ मिलिमीटरने दाब कमी केला की काम भागते. अमेरिकी प्रशासनाच्या २००४ सालच्या मार्गदर्शिकेनुसार हा फरक १७ इंचांपलीकडे, म्हणजे सुमारे ४३० मिलिमीटरपलीकडे, जाऊ नये. त्यासाठी उपकरणात मर्यादा राखणारी झडप हवी आणि हवा झटकन आत सोडण्याची सोयही हवी. मर्यादा ओलांडली तर केशवाहिन्या फुटून लाल ठिपके येतात, त्वचा काळीनिळी पडते. कडे ३० मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचे नाही, दोन वापरांमध्ये तासाभराचे अंतर ठेवायचे आणि कडे तसेच ठेवून झोपायचे नाही. कारण अडवलेल्या रक्तातील प्राणवायू संपत जातो आणि पेशींना इजा होते. घरगुती साधनांचे प्रयोग तर सर्वथा वर्ज्य. झाडलोटीच्या व्हॅक्यूम क्लीनरने झालेल्या गंभीर जखमांची नोंद 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने १९८० सालीच घेतली आहे.

दुसरे आश्वासन कायमच्या वाढीचे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३७ पुरुषांनी सहा महिने हे उपकरण नियमित वापरले. सरासरी लांबी ७.६ सेंटिमीटरवरून ७.९ झाली. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने दखलपात्र ठरला नाही. उपकरणाने येणारी फुगवट तात्पुरती असते. जाहिरातदाराची तुंबडी मात्र कायमची भरते.

तिसरे आश्वासन, 'अपाय नाही', हे सर्वांत घातक. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, रक्तस्रावाचा विकार किंवा सिकलसेल असलेले, शिश्नाची संवेदना कमी झालेले यांनी वैद्यकीय सल्ल्याविना याला हातही लावू नये. संवेदनाच कमी असेल, तर इजा कळणार कशी? विदर्भात आणि सातपुड्याच्या भागात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. तेव्हा तेथील शिक्षकांनी हा इशारा ध्यानात ठेवावा.

आणखी एक मौन आम्हाला जास्त खुपते. ताठरतेची तक्रार हे पुष्कळदा मधुमेहाचे, रक्तदाबाचे किंवा हृदयविकाराचे आधीच मिळालेले लक्षण असते. लाजेपोटी डॉक्टर टाळून गुपचूप नळी मागवणारा माणूस ही सूचना गमावतो. जाहिरातीतली 'पूर्ण गुप्तता' त्याच्या लाजेवरच पोसलेली आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने लैंगिक क्षमता वाढवण्याच्या दाव्यांवर बंदी घातली. त्यातील 'औषधा'च्या व्याख्येत शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम घडवणाऱ्या वस्तूही येतात. तरीही या जाहिराती झळकतातच.

वरच्या वर्गात हवेचा दाब शिकवताना या जाहिरातीचे नाव घ्यायलाच हवे असे नाही. कोणत्याही आरोग्य-उपकरणाला तीन प्रश्न विचारायची सवय मात्र लावता येईल: मर्यादा किती? वेळ किती? कोणी वापरू नये? जी जाहिरात या तिन्हींवर गप्प बसते, ती विज्ञानाची भाषा बोलत असली तरी विज्ञान सांगत नाही.