डेप्रिकेट : एका शब्दाचं टळणं

इंग्रजी शब्द शिकवणाऱ्या पुस्तकांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. त्यांत शब्दाला अर्थ असतो, पण शब्दाला हुकूम देता येतो, इशारा देता येतो, गयावया करता येते, हे त्यांच्या गावीच नसतं. परदेशी शिक्षणाच्या परीक्षांसाठी ज्या याद्या पाठ करतात त्यांत 'डेप्रिकेट'समोर 'नापसंती दर्शवणे' असं लिहिलेलं असतं. द्वैभाषिक कोश फार तर 'निषेध करणे' जोडतात. हा अर्थ चुकीचा नाही. पण तेवढ्या बळावर माझ्या कामातलं एक वाक्यही धड वाचता येणार नाही.

मी हा शब्द कोशातून शिकलो नाही. कॉलेजात जावा शिकताना कंपायलरने तो माझ्या तोंडावर फेकला. जावाच्या तारखांच्या वर्गात 'गेटइयर' नावाची पद्धत आहे. तिला 2024 सालची तारीख दिली तर उत्तर येतं 124, कारण ती वर्षातून 1900 वजा करून देते. 1997 साली जावाच्या 1.1 या आवृत्तीतच तिच्यावर 'डेप्रिकेटेड'चा शिक्का बसला. ती अजूनही तिथेच आहे. चालते. कंपाइल करताना एक सूचना तेवढी येते. म्हणजे नापसंती आहे, पण निषेध नाही, हकालपट्टी तर नाहीच. लग्नाच्या पंगतीत न बोलावता आलेल्या नातेवाइकाला वाढतात, तसं काहीसं.

'ऑब्सोलीट' हा याचा शेजारी, आणि दोघांत गफलत करणारे फार. एचटीएमएल 4 लिहिणाऱ्यांनी 1997मध्ये ही सीमारेषा नीट आखली होती. 'फाँट' आणि 'सेंटर' हे टॅग डेप्रिकेटेड, म्हणजे वापरू नका, पण ब्राउझरांनी ते दाखवत राहावं. ऑब्सोलीट ठरलेल्यांना मात्र कसलीच हमी नाही. एकात वापरणाऱ्याला सल्ला आहे आणि पुरवणाऱ्याला बंधन आहे. दुसऱ्यात दोघंही मोकळे.

हा फरक आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने सगळ्या देशाला शिकवला, फक्त शब्द न वापरता. 8 नोव्हेंबर 2016 रोजी 500 आणि 1000च्या नोटा बाद झाल्या, तीही मध्यरात्रीपासून. 19 मे 2023 रोजी 2000ची नोट चलनातून मागे घेतल्याचं जाहीर झालं, पण कायदेशीर चलन म्हणून तिची वैधता कायम राहिली. नोटा बदलून घ्यायला महिने मिळाले. पहिल्या वेळी रांगेत उभे राहिलेल्यांना दुसऱ्या वेळचा फरक समजावून सांगावा लागत नाही.

म्हणूनच कार्यालयीन इंग्रजीत या शब्दाची जी गत झाली आहे, तिचा मला राग येतो. उद्या बंद होणाऱ्या सेवेला 'डेप्रिकेट करत आहोत' असं पत्र येतं. शब्द सौम्य, घाव मात्र तोच. त्या सेवेवर ज्यांचं काम उभं आहे त्यांची कबूल केलेली मुदत या एका शब्दाआड गिळली जाते. उलट टोकही आहे : शिक्का मारायचा आणि पर्याय सांगायचाच नाही. 'हे वापरू नका' म्हणताना 'मग काय वापरू?' याचं उत्तर देणं हे या शब्दाचं कर्तव्य आहे, असं मी मानतो. आणि वापरणाऱ्यांनीही मुदत म्हणजे माफी समजू नये. जावातली धागा मध्येच थांबवणारी 'स्टॉप' ही पद्धत 1998मध्ये डेप्रिकेट झाली, कारण ती कुलपं अचानक सोडते आणि डेटा अर्धवट अवस्थेत उघडा पडतो. 2023च्या जावा 20मध्ये ती शेवटी निकामी केली गेली. मध्ये पंचवीस वर्षं गेली, आणि तेवढी वर्षं ती सूचना दाबून टाकत राहिलेले प्रोग्रॅमही होतेच.

मूळ शोधायला गेलो तर गंमत वाढते. लॅटिन 'प्रेकारी' म्हणजे प्रार्थना करणं. त्याला 'दे' लागला की प्रार्थना करून दूर लोटणं, संकट टळावं म्हणून देवाला साकडं घालणं. जॉन्सनच्या 1755च्या इंग्रजी कोशातही हा शब्द प्रार्थनेच्याच अंगाने येतो. नापसंती मागाहून आली. त्यात 'डिप्रिशिएट' या जुळ्यासारख्या दिसणाऱ्या शब्दाशी सरमिसळ झाली. त्याचं मूळ वेगळं, 'प्रेटियम' म्हणजे किंमत. आपल्या हिशेबनीसांचा 'घसारा' तो हाच. स्वतःला कमी लेखणाऱ्या विनोदाला इंग्रजीत आज 'सेल्फ-डेप्रिकेटिंग' म्हणतात, ते खरं तर घसाऱ्याच्या घरचं. पण आता ते इतकं रुळलंय की दुरुस्त करायला जाणारा माणूसच विनोदी दिसेल.

मराठीत काय म्हणावं? 'कालबाह्य' नको, तो ऑब्सोलीट झाला. 'मोडीत काढलेलं' तर भंगारातच गेलं. 'वर्ज्य'मध्ये सोवळेपणा येतो. मला 'टाळणं' जवळचं वाटतं. 'इडापिडा टळो' म्हणताना आपण नेमकं लॅटिन माणसासारखंच काहीतरी परतवून लावत असतो आणि 'हे टाळावं' म्हणताना जावाच्या दस्तऐवजासारखा सल्ला देत असतो. एकाच धातूने दोन्ही टोकं सांभाळली, इंग्रजीला त्यासाठी शतकं लागली.

उणीव एवढीच की 'टाळावं'मध्ये मुदत ऐकू येत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले. तरी 'गांव' आणि 'नांव' अजून पाट्यांवर भेटतात, कुणी अडखळत नाही, शाळेत मात्र गुण जातात. या अवस्थेला नाव काय, ते आपण ठरवलंच नाही. तोवर माझ्या कोडमधल्या टिपांत मी लिहितो : 'टाळावे; अमुक आवृत्तीत काढले जाईल; ऐवजी तमुक वापरा.' आठ शब्द खर्ची पडतात. पण वाचणाऱ्याला कोश उघडावा लागत नाही.