गोष्ट कोणी सांगावयाची? : 'दिवास्वप्ना'चे एक वाचन

शिक्षणशास्त्रावरील ग्रंथ आणि रसिक वाचक यांची गाठ सहसा पडत नाही. ज्यांस परीक्षा द्यावयाची असते ते असे ग्रंथ वाचतात व परीक्षा आटोपताच फडताळात ठेवून देतात. ज्यांस परीक्षा द्यावयाची नसते ते त्यांच्या वाटेस जात नाहीत. या नियमाला आमच्या पाहण्यातला ठळक अपवाद म्हणजे गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' हे लहानसे गुजराती पुस्तक होय. 1930 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच ते प्रसिद्ध झाले, पुढे हिंदी, मराठी, इंग्रजी अशा अनेक भाषांत गेले आणि आजही नव्या शिक्षकांच्या हाती आवर्जून दिले जाते. इतकी वर्षे टिकलेल्या पुस्तकाची स्तुती करणारे पुष्कळ भेटतात. मात्र ते बारकाईने वाचणारे त्या मानाने थोडे. आमच्या मते या पुस्तकातील एक अर्धा भाग आपण उचलला आणि दुसरा, अधिक मोलाचा अर्धा भाग तेथेच सोडून दिला. त्या सोडलेल्या भागाविषयी येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

गिजुभाई (1885–1939) हे व्यवसायाने वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाच्या चिंतेतून ते बालशिक्षणाकडे वळले, माँटेसोरी यांच्या विचारांनी भारले गेले आणि 1920 मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. 'दिवास्वप्न' ही त्या अनुभवावर उभारलेली कल्पित कथा आहे. एक उत्साही शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो व प्रयोगासाठी एका प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग मागून घेतो. साहेब हसतात, पण वर्ग देतात. वर्षअखेर परीक्षा मात्र द्यावीच लागेल, अशी अट घालतात. पहिल्या दिवशी शिक्षक वर्गाला शांततेचा खेळ खेळावयास लावतो आणि वर्ग त्याची पुरती त्रेधा उडवितो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो. आणि काल ज्यांना आवरणे अशक्य झाले होते तीच मुले घरी जावयास तयार होत नाहीत. पुढे पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे ग्रंथालय उभे राहते. खेळ, अंताक्षरी, नाट्यप्रयोग, सहली यांतून भाषा, इतिहास, भूगोल शिकविले जातात. सहशिक्षक टवाळी करतात, पालक कुरकुरतात. आणि अखेरीस साहेबांसकट सर्वांना प्रयोगाचे यश मान्य करावे लागते.

वाङ्मय म्हणून पाहता या पुस्तकाचे सामर्थ्य त्याच्या संवादांत आहे. गिजुभाई व्याख्या देत नाहीत, सिद्धांत मांडीत नाहीत. ते दोन माणसांना बोलावयास लावतात. 'गोष्टी सांगून अभ्यासक्रम कसा पुरा होणार?' हा सहशिक्षकाचा प्रश्न इतका खरा आहे की आज कोणत्याही शाळेच्या शिक्षक-खोलीत तो जसाच्या तसा ऐकू यावा. निवेदन शिक्षकाच्याच तोंडी असल्यामुळे त्याची फजितीही आपणांस त्याच्याकडूनच कळते. पहिल्या दिवसाची ती फजिती हे पुस्तकातील सर्वांत उत्तम पान होय. जो लेखक आपल्या नायकाला आरंभीच हरवू शकतो, त्याच्या पुढील विजयावर वाचकाचा विश्वास बसतो.

परंतु पुस्तकाच्या या गोडीनेच एक अनर्थही केला आहे. वाचकाच्या मनात चित्र ठसते ते गोष्ट सांगणाऱ्या शिक्षकाचे: तो बोलत आहे आणि मुले तल्लीन होऊन ऐकत आहेत. या चित्रावर लुब्ध होऊन आपल्याकडे 'आनंददायी' शिक्षणाची जी एक परंपरा रूढ झाली, तिच्यात घोकंपट्टी करणारा गुरुजी जाऊन त्याच्या जागी रंजन करणारा गुरुजी आला. पूर्वी गुरुजी रागावून बोलत होते, आता ते हसून बोलतात, पडद्यावर चित्रेही दाखवितात. पण बोलतात तेच. मुलांच्या वाट्याला पूर्वी ऐकणे होते, आताही ऐकणेच आहे. तास संपताना 'समजले का?' असा प्रश्न होतो आणि सगळा वर्ग एका आवाजात 'हो' म्हणतो. या 'हो'इतका फसवा शब्द शाळेच्या भाषेत दुसरा नाही.

आता पुस्तक पुन्हा उघडून पाहावे. गोष्ट शिक्षकाच्या तोंडून निघते खरी, पण ती त्याच्याजवळ राहत नाही. ऐकलेल्या गोष्टीतून वाचण्याची भूक लागते व मूल पुस्तक हाती घेते. मग तीच गोष्ट ती मुले रंगभूमीवर आणतात, आणि तीही पाठ केलेल्या भाषणांवाचून, स्वतःच्या शब्दांत. वर्षाच्या अखेरीस पाहुण्यांपुढे जे उभे राहते ते मुलांचे करणे आणि मुलांचे बोलणे. म्हणजे शिक्षकाचे कथन हा प्रयोगाचा आरंभ आहे. मुलाचे कथन ही त्याची सिद्धी आहे. गोष्ट कोणी सांगावयाची, या प्रश्नाचे गिजुभाईंचे उत्तर 'आधी गुरुजींनी आणि मग मुलाने' असे आहे. आम्ही त्यातले 'आधी' तेवढे घेतले आणि 'मग' विसरलो.

हे विसरणे किती महाग पडते, याचा प्रत्यय अलीकडच्या मानसशास्त्राने दिला आहे. 2006 मध्ये रोडिगर व कार्पिकी या दोन अमेरिकन संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. त्यानंतर काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून, आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: त्यांना सुमारे 81 टक्के भाग आठवला, दुसऱ्यांना 75. पण एका आठवड्याने पारडे फिरले. पुन्हा वाचणाऱ्यांजवळ 42 टक्के उरले होते. आठवून लिहिणाऱ्यांजवळ 56. हे विद्यार्थी वयाने मोठे होते, आणि प्रयोगशाळेतील उतारा म्हणजे चौथीचा वर्ग नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि स्मरणाचा जो धर्म येथे दिसतो, तो शाळेच्या वर्गांत घेतलेल्या पुढील प्रयोगांतूनही दिसून आला आहे. मनात घातलेले टिकावयाचे असेल तर ते मनातून वारंवार बाहेर काढावे लागते. विहिरीला पाणी उपशाने येते, असे आपले शेतकरी म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. शिवाय ताजे ताजे वाचलेले आपणांस येते असा जो भास होतो, तोच विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला सारखाच फसवितो. तासाच्या शेवटचा तो 'हो' खोटेपणाचा नसतो. तो पाच मिनिटांनंतरचा असतो, इतकेच.

यावर पाठांतराचे अभिमानी म्हणतील, 'मग आमचे पंतोजी काय चुकले होते? पावकी, निमकी, पाउणकी, सवाईकी, दिडकी मुलांकडून म्हणवून घेत होते ते याचसाठी ना?' या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते नाकारणे हा नव्या लोकांचा उथळपणा होय. ज्याला सात आठे छप्पन क्षणात आठवत नाही, त्याचे लक्ष गणिताच्या युक्तीकडे जावयाचे कोठून? परंतु एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. वर्ग एकसुरात पाढे म्हणतो तेव्हा दोन-चार मुले पाढे म्हणत असतात आणि बाकीची सूर म्हणत असतात. समूहाच्या आवाजाखाली दुबळे मूल सुखाने लपते. जे आठवणे कामाला येते ते एकट्याने, थोडा विसर पडल्यावर, आणि चुकले तर लगेच दुरुस्त होईल अशा रीतीने केलेले आठवणे होय. जुन्या वर्गात चुकीला छडी मिळत असे, दुरुस्ती नव्हे. नव्या वर्गात चूक होऊ नये म्हणून विचारलेच जात नाही. दोन्हीकडे मूल वंचितच राहते.

विचारणे ही कला किती नाजूक आहे, याचा आणखी एक दाखला देतो. 1970 नंतरच्या दशकात मेरी बड रो या अमेरिकन विदुषीने वर्गातील प्रश्नोत्तरांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट सरासरी सुमारे एक सेकंद पाहतात, असे त्यांना आढळले. तेवढ्यात उत्तर न आले तर शिक्षक स्वतःच बोलू लागतात किंवा दुसऱ्याकडे वळतात. हीच वाट तीन सेकंदांपर्यंत लांबविली, तेव्हा उत्तरे लांब व विचारपूर्वक येऊ लागली आणि एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली. दोन सेकंदांची शांतता! यास ना इमारत लागते, ना अनुदान. गिजुभाईंच्या शिक्षकाला शांततेचा खेळ पहिल्या दिवशी साधला नाही. आमच्या मते तो खेळ मुलांआधी शिक्षकांनी खेळावयास हवा.

स्तुतीबरोबर पुस्तकाचे न्यूनही सांगितले पाहिजे. 'दिवास्वप्ना'चा नायक असामान्य आहे. त्याच्या पाठीशी सहानुभूती असलेला अधिकारी आहे, हाती एकच वर्ग आहे आणि मुदत एका वर्षाची आहे. शाळेतील इतर शिक्षक या कथेत बहुतांशी हसण्याचे धनी झाले आहेत. पण देशातील शाळा चालतात त्या याच इतर शिक्षकांवर. जी पद्धत प्रतिभावंताच्याच हातून फळते तिला पद्धत म्हणावयाचे की प्रतिभा? हा प्रश्न पुस्तक विचारीत नाही, आणि नायकाच्या यशाने दिपलेला वाचकही विचारीत नाही.

त्याचे उत्तर पुस्तकाबाहेर, आणि सुदैवाने आपल्याच भूमीत, शोधले गेले. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ आरंभापासून त्यांच्या सोबत होत्या. येथे मूल गोष्ट ऐकावयास वर्गात येऊन बसलेलेच नव्हते. ते अंगणात धाकट्या भावंडाला सांभाळीत होते, किंवा रानात गुरे राखीत होते. म्हणून शाळा अंगणात गेली आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. महाग साधनांच्या जागी आसपास मिळणाऱ्या बिया, शिंपले, पाने आली. दिवास्वप्नातला एक गुरू येथे सामान्य बायामाणसांना शिकविता येईल अशा कामात उतरला, हे या दोघींचे ऋण आपण पुरेसे ओळखलेले नाही.

त्याच दिशेचे दुसरे उदाहरण 'प्रथम' या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचे. 2001 ते 2003 या काळात मुंबई व वडोदरा येथील शाळांत त्याची कसून परीक्षा झाली. वस्तीतील शिकलेल्या तरुणी, थोड्या दिवसांच्या तयारीनिशी, तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वेगळी घेऊन बसत आणि त्यांना जे येत नाही तेथूनच आरंभ करीत. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि सर्वांत अधिक लाभ सर्वांत मागे असलेल्यांस झाला. कार्यक्रम थांबल्यावर त्या लाभाचा बराच भाग ओसरला, हेही सांगितले पाहिजे. शिक्षण हे एकदा देऊन मोकळे होण्याचे औषध नव्हे. या तरुणींत कोणी गिजुभाई नव्हत्या. मात्र मोठ्या वर्गात जे मूल 'हो' म्हणून लपत होते, त्याला येथे स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवावेच लागत होते.

आमच्या वाचकांना वाटेल, हा शिक्षकांचा प्रश्न. आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो थोडा कटू आहे. आपल्या घरी पुस्तके असतात, आजी गोष्ट सांगते, आई ती परत विचारते, नातू ती चुकतमाकत सांगतो आणि घर हसते. शाळेत सोडलेला अर्धा भाग असा आपल्या मुलांना घरी मिळतो. त्यामुळे ज्या शाळेत नुसते रंजन चालते तीही आपल्या मुलांना मानवते, आणि आपण तिची वाखाणणी करतो. ज्याच्या घरी हे काही नाही, त्याला शाळा हेच एक ठिकाण आहे. 2024 च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ही मुले पाच वर्षे वर्गात बसली होती. त्यांनी पुष्कळ ऐकले असेल. त्यांना वाचून दाखव, सांगून दाखव, असे एकेकट्याने किती वेळा म्हटले गेले असेल?

म्हणून 'दिवास्वप्न' पुन्हा वाचावे, अशी आमची शिफारस आहे; पण या वेळी गुरुजींकडे न पाहता मुलांकडे पाहून वाचावे. पानापानांवर ती काय बोलतात, काय करतात, हे मोजावे. आणि वाचून झाल्यावर पालकसभेला जाल तेव्हा 'तुम्ही काय शिकविले?' हा नेहमीचा प्रश्न बाजूस ठेवून 'गेल्या आठवड्यात वर्गातील सर्वांत गप्प मुलाने काय सांगितले?' असे शिक्षकांस विचारावे. मग उत्तरासाठी तीन सेकंद थांबावे.